चितपट झाल्यावर उरलेली आठ मिनिटं

कुस्तीत हरलेल्या माणसाची एक मोठी सोय असते. पाठ मातीला लागली की पंच हात वर करतो, हलगीवाला जिंकलेल्याकडं वळतो, आणि हरलेला गडी अंगावरची माती झटकत, कपडे काखोटीला मारून गर्दीतनं निघून जातो. त्याच्याकडं कुणी बघत नाही. तोवर पुढची जोड मैदानात उतरलेली असते. कोल्हापूरच्या खासबागेत शाहू महाराजांच्या काळापासून हे असंच चालत आलंय आणि त्यात कुणाला काही गैर वाटलेलं नाही.

स्टँडअप कॉमेडीत ही सोय नाही. तिथं माणूस दुसऱ्या मिनिटाला चितपट होतो. दोन्ही खांदे टेकलेले सगळ्या सभागृहानं बघितलेले असतात. पण यादीत त्याच्या नावापुढं दहा मिनिटं लिहिलेली असतात. उरलेली आठ मिनिटं त्यानं उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं नाही, बोलायचं. नुसतं बोलायचं नाही, आपण अजून हरलोच नाही अशा चेहऱ्यानं बोलायचं. चारचौघांत इतका वेळ असं ताटकळायची पाळी एरवी फक्त नवरदेवावर येते, आणि त्याला निदान आहेर मिळतो.

गेल्या काही वर्षांत हा प्रकार कोल्हापुरातही रुजू लागलाय. राजारामपुरीत, ताराबाई पार्कात, नागाळा पार्कात नवे कॅफे निघालेत. चहा तोच, फक्त कप मोठा आणि बिल त्याहून मोठं. तिथं एखाद्या शनिवारी संध्याकाळी टेबलं भिंतीला लावतात, एक माइक उभा करतात आणि 'ओपन माइक' अशी पाटी लागते. खुर्च्या तीसेक. त्यातल्या दहांवर स्वतः विनोदवीरच बसलेले असतात. ते हसत नाहीत, कारण आपला नंबर यायच्या आत मोबाइलमधली टिपणं पाठ करायची असतात. पाचसहा जण त्यांचे मित्र. ते हसतात, पण हे विनोद त्यांनी आधीच ऐकलेले असल्यामुळं विनोद यायच्या अगोदर हसतात. दोन जोडपी अंधार आहे म्हणून आलेली. आणि कोपऱ्यात एक कुटुंब, जे फक्त सँडविच खायला आलंय आणि हा माणूस मधेच उभा राहून का बोलायला लागला, हे वेटरला विचारतंय.

या कॅफेतला मिक्सर हा या क्षेत्रातला सगळ्यात जाणकार टीकाकार. तो नेमका पंचलाइनच्या वेळेला सुरू होतो. पुढं तीन सेकंद गरगराट, मग शांतता, मग विनोदवीर म्हणतो, "कळलं का?" आणि कोल्ड कॉफी ज्याची होती तो हात वर करतो.

प्रत्येकाच्या आधी होस्ट येऊन ओरडतो, "कोल्हापूऽऽर, आवाज येऊ दे!" आवाज येतो. त्या संध्याकाळचा तो सगळ्यात मोठा आवाज.

स्थानिक पोराची अडचण एक आणि बाहेरून आलेल्याची दुसरी. स्थानिक पोरगं बिचारं घरगुती विषयानं सुरुवात करतं. "माझे वडील म्हणजे हिटलर..." एवढं म्हणेस्तोवर दुसऱ्या रांगेतनं आवाज येतो, "कोण, तुझा बा? सकाळीच भेटलावता की. गरीब माणूस." संपलं. महिनाभर लिहून काढलेलं सगळं त्या एका वाक्यानं बाद. मुंबईत वडिलांवर विनोद करता येतो, कारण तिथं तुमच्या वडिलांना कुणी ओळखत नाही. कोल्हापुरात प्रेक्षकांतल्या निम्म्यांनी त्यांच्याबरोबर मिसळ खाल्लेली असते.

बाहेरून आलेला मात्र तयारीनं आलेला असतो. तो सुरुवातच करतो, "काय कोल्हापूर, नाद खुळा!" अशी. यावर टाळी पडते, ती पाहुणचारापोटी. मग तो तांबड्या-पांढऱ्यावर येतो. एका पुणेकर पोरानं माझ्यासमोर सांगितलं, की काल इथं आल्या आल्या पांढरा रस्सा प्यालो आणि तोंडाची अशी आग झाली की काही विचारू नका. आता पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, खसखस-तिळाचा. त्यानं तोंड पोळलं तर ते वाफेनं पोळेल, तिखटानं नाही. त्या एका वाक्यासरशी सगळ्या सभागृहाला कळलं की हा गडी जेवलेला नाही. पुढचे विनोद कुणी ऐकले नाहीत. लोकांना त्याच्या जेवणाची काळजी लागली होती.

शेवटी चप्पल येतेच. "इथं जपून बोलावं लागतं, नाहीतर कोल्हापुरी चप्पल फेकाल!" हा विनोद प्रत्येक पाहुण्याला आपल्यालाच सुचला असं वाटतं. अहो, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५मध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल चालवली, गावाचं नाव न घेता. त्यावर इतका गदारोळ झाला की कंपनीला तिचं मूळ कोल्हापुरी चपलेत असल्याचं मान्य करावं लागलं. अशी वस्तू कुणी एका पडेल विनोदावर वाया घालवेल? शिवाय एक फेकली की दुसरी घरी कशाला न्यायची, हा प्रश्न उरतोच.

फेकाफेकीवरून आठवलं. फेब्रुवारी २०२५मध्ये सोलापुरात प्रणित मोरे या विनोदवीराला कार्यक्रम संपल्यावर टोळक्यानं मारहाण केली, एका नटावर केलेल्या विनोदावरून. पण त्याला पडणं म्हणत नाहीत. मारायला येणाऱ्याला विनोद कळलेला असतो, आणि तीच त्याची अडचण असते. ते प्रकरण पोलिसांकडं. मी बोलतोय ते ज्याच्या अंगाला कुणी बोट लावत नाही आणि तरीही जो रक्तबंबाळ होऊन खाली उतरतो, त्याच्याबद्दल.

तर, ती शांतता. कोल्हापुरी प्रेक्षक पडत्या विनोदवीराचा हुर्यो उडवत नाही. उठूनही जात नाही, तिकिटाचे पैसे दिलेत. तो हाताची घडी घालून बघत बसतो. हे बघणं तालमीतलं आहे. एकदा अशाच एका कार्यक्रमाला एक वस्ताद आले होते. मोडलेले कान, पांढरा शर्ट, नातवानं हाताला धरून आणलेलं. माइकवरचं पोरगं घामाघूम होऊन इकडून तिकडं फिरत होतं, एका हातातला माइक दुसऱ्या हातात घेत होतं, दर विनोदानंतर पाण्याची बाटली तोंडाला लावत होतं. वस्तादांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि नातवाच्या कानात सांगितल्यासारखं, पण सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरगं अंगानं बरं हाय. पर पाय लई हलवतंय. आणि सारखं पाणी पिणाऱ्याला दम नसतोय."

विनोदी सादरीकरणावर एवढी नेमकी समीक्षा मी मराठीत दुसरी वाचलेली नाही. आणि माइकवरच्यालाही ती पटली असावी, कारण तो जागच्या जागी उभा राहिला आणि त्यानं ते वाक्य उच्चारलं, जे पडणारा प्रत्येक विनोदवीर कधी ना कधी उच्चारतो.

"हे पुण्यात खूप चाललं होतं."

"मग तिथंच ठेवायचं की!" मागनं कुणीतरी म्हणालं, आणि कॅफे हसला. मनापासून, गदगदून, टेबलावर हात आपटून. त्या रात्रीचा हा पहिला हशा, आणि तो फुकट आलेल्या माणसानं मिळवला होता.

इथं शहाण्यानं नमस्कार करून उतरावं. पण हल्ली पोरं यूट्यूबवर शिकून येतात. तिथं त्यांना शिकवलेलं असतं, की लिहून आणलेलं चाललं नाही तर प्रेक्षकांशी गप्पा मारा. याला क्राउडवर्क म्हणतात. ही विद्या जिथं निघाली, तिथला प्रेक्षक "तुम्ही काय करता?" असं विचारल्यावर "अकाउंटंट" असं एका शब्दात सांगून लाजत असावा. लाजलेल्या माणसावर विनोद करायला काय लागतं? कोल्हापुरात मात्र ज्याला प्रश्न विचारला, तो खुर्ची मागं सरकवतो, मांडी बदलतो, आणि तुम्हाला कळतं की माइक आता नावापुरता तुमच्या हातात आहे.

"दादा, तुम्ही काय करता?"

"तुझा शो बघालोय."

"नाही, म्हणजे पोटापाण्यासाठी?"

"ते तू करालायस. मी निवांत हाय."

"लग्न झालंय का?"

"का? स्थळ आणलंयस?"

विनोदवीर घाईनं दुसरीकडं वळतो. एक कॉलेजातली मुलगी दिसते. इथं तरी सोपं जाईल. "ताई, तुम्ही इथं कशा?"

"मी हसायला आलोय. तू सुरू कवा करणार?"

आता कोल्हापुरातल्या मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि कोल्हापूरला त्याचं काही वाटत नाही. पण बुडत्या पोराला ती काडी दिसली. "ताई, आलोय नाही, आलेय म्हणायचं!"

"मास्तर हायस का कॉमेडियन? कायतरी एक ठरीव."

मागच्या बाजूनं होस्ट मोबाइलचा दिवा हलवत होता. एक मिनिट राहिलं, अशी ती खूण. बाकी कुणासाठी ती सूचना असते. त्या पोराच्या चेहऱ्यावर मात्र तो दिवा बघून जे समाधान पसरलं, ते मी अंबाबाईच्या रांगेत पाच तास उभं राहून गाभाऱ्यासमोर पोचलेल्या माणसाच्याच चेहऱ्यावर पाहिलंय.

कोल्हापूरचा प्रेक्षक खडूस आहे, असा निष्कर्ष काढून पोरं मोकळी होतात. मला ते मान्य नाही. हा प्रेक्षक शंभर वर्षं तयार होत आलाय. खासबाग १९१२ची, आणि तिला लागूनच १९१५ साली शाहू महाराजांनीच उभं केलेलं पॅलेस थिएटर, जे पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. एका बाजूला निकाली कुस्ती, दुसऱ्या बाजूला संगीत नाटक. जो माणूस दुपारी इकडं डाव ओळखायला शिकला, तोच रात्री तिकडं सूर ओळखायला बसला. त्या काळात माइक नव्हता. आवाज शेवटच्या रांगेत पोचला तर 'वन्स मोअर', नाही पोचला तर पुढचं पद. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत जळालं तेव्हा इथली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. वास्तूवर असा जीव टाकणारं गाव तिथं उभं राहणाऱ्या माणसाकडनं काही अपेक्षा ठेवणारच.

प्रश्न प्रेक्षकांचा नाही. आपल्याकडं हसवणारी माणसं पूर्वीही होती, पण एकटी कुणीच नव्हती. प्रत्येकाला मागं काहीतरी टेकू होता. स्टँडअपवाल्याच्या पाठीमागं कॅफेची विटांची भिंत आहे, आणि तीही रंगवलेली.

तमाशातली बतावणी घ्या. दोघं तिघं समोरासमोर उभे. एकाचा फटका चुकला तर दुसरा त्या चुकण्यावरच फटका मारतो. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू तर जुळे भाऊ. लोकांना एकाला बघूनच हसू फुटायचं, आणि तसलाच दुसरा आला की विचारायलाच नको. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके रोज नवी भर घालायचे, पण ती झेलायला समोर माणूस होता. पुढं भालजी पेंढारकरांनी त्यांना 'तांबडी माती'त घेतलं, आणि ते कोल्हापूरच्या माणसानं पारखून घेतलेलं नाणं होतं.

जोडीदाराच्या या टेकूच्या नेमकं उलटं स्कॉटलंडात घडलं. ग्लासगो शहरात एम्पायर नावाचं थिएटर होतं. इंग्लंडहून येणाऱ्या विनोदवीरांची स्मशानभूमी, अशी त्याची ख्याती. डेस ओ'कॉनर नावाचा विनोदवीर तिथं इतका पडला की त्यानं भर स्टेजवर चक्कर आल्याचं सोंग घेतलं आणि लोकांनी त्याला उचलून आत नेलं. माइक आणि बर्नी विंटर्स या भावांची गोष्ट तर दंतकथा होऊन बसलीय. आधी माइक एकटा आला. वाजवून झालं, बोलून झालं, समोर ढिम्म शांतता. मग ठरल्याप्रमाणं पडद्यातनं बर्नीनं डोकं बाहेर काढलं, आणि अंधारातनं आवाज आला, "अरे देवा, अजून एक आहे!" ते थिएटर १९६३ साली बंद पडलं. ग्लासगोचा तो प्रेक्षक पुढं कुठं गेला म्हणून हळहळायचं कारण नाही. राजारामपुरीत शनिवारी भेटतो.

दुसरा टेकू गोष्टीचा. शंकर पाटील आपल्या पट्टणकोडोलीचे. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर त्यांनी १९६०च्या दशकात गावोगाव कथाकथनं केली. एक माइक, एक माणूस, समोर अंधारात लोक. लांबून बघितलं तर स्टँडअपच. पण हाताशी कथा होती. 'धिंड' सांगताना एखाद्या जागी हशा आला नाही, तरी पुढं काय झालं हे कळल्याशिवाय कुणी उठत नसे. आणि अगदीच कुणी हसलं नाही, तर कथा गंभीर होती असं म्हणायची सोय. समीक्षक लगेच 'ग्रामीण जीवनाचं विदारक दर्शन' लिहायला बसले असते. स्टँडअपवाल्याला दर वीस सेकंदाला हिशोब द्यावा लागतो, आणि त्याच्या अपयशाला विदारक दर्शन कुणी म्हणत नाही, जरी समोर बसलेल्यांना ते तसंच वाटत असलं तरी. आणखी एक गोष्ट. माडगूळकर आकाशवाणीत होते, मिरासदार प्राध्यापक. एखादा कार्यक्रम फसला असता तरी सोमवारी हजेरीपटावर सही होतीच. आताची पोरं आधी आयटीतली नोकरी सोडतात आणि मग पहिला विनोद लिहितात. निदान क्रम तरी उलटा ठेवावा.

गणपतीतल्या मिमिक्रीवाल्याला तर पडायची भीतीच नव्हती. ऑर्केस्ट्रातली गायिका साडी बदलायला आत गेली की हा पुढं यायचा. पहिल्या दोन नकला जमल्या नाहीत, लोक शेंगा सोलायला लागले, की तो जरा वाकायचा, गालात हवा भरायचा आणि निळू फुले काढायचा. 'बाई' एवढा एक शब्द त्या आवाजात म्हटला की मंडप ताब्यात. स्टँडअपवाल्याकडं निळू फुले नाहीत. त्याला सगळं स्वतःच्याच आवाजात बोलावं लागतं, आणि तो आवाज दुसऱ्या मिनिटापासून कापत असतो.

पण सगळ्यात भक्कम टेकू पाहायचा असेल तर पावसाळ्याच्या शेवटाला आमच्या जिल्ह्यात या. साखर कारखान्यांच्या, दूध संघांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा लागतात. व्यासपीठावर अध्यक्ष अहवाल वाचतायत. समोर निम्मा मंडप 'नामंजूर' म्हणून ओरडतोय. कुणी खुर्चीवर उभा राहिलाय, कुणी माइक मागतोय, घोषणांत एक अक्षर ऐकू येत नाही. कुठल्याही व्याख्येनं हा कलावंत पडलाय. पण उरलेला निम्मा मंडप एका सुरात 'मंजूर, मंजूर' म्हणतो, दहा मिनिटांत विषयपत्रिका संपते आणि राष्ट्रगीत लागतं. दुसऱ्या दिवशी पेपरात, सभा खेळीमेळीत पार पडली, अशी एका बाजूची बातमी येते. विनोदवीरानं शिकावं ते इथं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे देऊन टाळ्या वाजवणारी माणसं बसवत, त्यात हसणाऱ्यांची वेगळी तुकडी असायची. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या तंत्रज्ञानं टीव्हीसाठी हशाचं यंत्रच बनवलं. आपल्याकडच्या टीव्हीवर विनोद झाला की लगेच खदखदून हसणारे चेहरे दाखवतात, आणि घरात एकटा जेवणारा माणूस घास हातात धरून हसतो. कॅफेत कॅमेरा वळवायला असा चेहराच नसतो. असतो तो वस्तादांचा.

एक मात्र खरं. पडलेल्या विनोदवीराला कोल्हापुरात जी वागणूक मिळते, ती जिंकलेल्याला मिळत नाही. ज्याचा कार्यक्रम रंगला त्याला लोक टाळ्या देतात, फोटो काढतात आणि आपापल्या घरी जातात. तो एकटा मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन वडापाव खातो आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघतो. पडलेल्याभोवती मात्र कार्यक्रम संपताच कडं पडतं. "भावा, मनाला लावून घिऊ नगोस." "जेवलायस का?" "आरं, न्हाईच जेवलेला त्यो, मगाशीच कळलं की." त्याला गाडीवर मधे बसवतात, म्हणजे पळून जायला नको. मग समोर ताट येतं. पांढऱ्या रश्शाची वाटी पुढं सरकवून दहा जण त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. "सांग आता, तिखट हाय?" तो मान हलवून नाही म्हणतो, आणि त्याच्या चुकीचं परिमार्जन झाल्याबद्दल आणखी एक वाटी येते.

पुढचे दोन तास ताटाभोवतीचे लोक बोलतात. ऊसदर, फुटबॉलमधला पेठेचा पराभव, पुराच्या पाण्यात म्हैस घेऊन पोहत आलेला माणूस, सोसायटीच्या निवडणुकीत एका मतानं पडलेला सख्खा भाऊ. सगळे एकाच वेळी बोलतात आणि सगळे हसवतात. विनोदवीराला मधे एकदाच संधी मिळते, तेव्हा तो मीठ मागतो. मधेच तो हात धुवायला म्हणून उठतो आणि बेसिनपाशी उभा राहून भरभर मोबाइलवर काहीतरी टिपून घेतो. चार महिन्यांनी त्याचा व्हिडिओ येतो. म्हैस असते, पूर असतो, फक्त पंचगंगेच्या जागी मुठा असते. लाखभर लोकांनी तो पाहिलेला असतो. कोल्हापुरात तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आणि ज्याची म्हैस होती तोच खाली लिहितो, "लई भारी. पोरगं सुधारलं."

तेव्हा कोल्हापूरकरांना एवढीच विनंती. या पोरांच्या कार्यक्रमांना जावा, तिकीट काही फार नसतं. मोबाइल बंद ठेवा. त्यानं पांढरा रस्सा तिखट आहे म्हटलं तर दहा मिनिटं सोसा, नंतर जेवायला न्यायचंच आहे. "तुम्ही काय करता?" असं विचारलं तर फक्त धंदा सांगा, एका शब्दात, आणि जमलंच तर थोडं लाजा. आणि वस्ताद येणार असतील तर त्यांची खुर्ची दारापाशी ठेवा. सल्ला ऐकायचा तर तो बाहेर पडताना ऐकलेला बरा.